आई मागे आहेत ना?

२ नोव्हेंबर

धाकटीस,

वर 'सप्रेम' लिहायला हात धजला नाही, म्हणून नुसतंच लिहिलं. ह्यांचं म्हणणं, तुम्ही दोघी जावा फोनवर बोललात की भांड्याला भांडं लागतं आणि आम्हा भावांचे कान किटतात. काय असेल ते लिहून कळव. म्हणून हे पत्र.

आम्ही सुखरूप पोचलो. 'सुखरूप' सवयीने लिहिलं गेलं. विमानात आईंनी माझा दंड धरला तो उतरेपर्यंत सोडला नाही. घरी आल्यापासून त्या बाथरूमचं दार लावत नाहीत. "असू दे उघडं," म्हणतात आणि मी बाहेर उभी राहायचं. मला साडेसातला लॅब गाठायची असते, तरी उभी राहते. सून कशाला असते?

आम्ही तुझ्याकडून निघेपर्यंत तू एकच विचारत होतीस, माझं काय चुकलं. मग लिहूनच देते, जवळ राहू दे.

त्या दिवशी सकाळी चहाच्या टेबलावर सगळ्यांसमोर तू म्हणालीस, "वहिनी, आज तुम्ही सुट्टीवर. आज आईंची जबाबदारी माझी." भाऊजी हसले, हे हसले, आई तर अशा खुलल्या की विचारू नकोस. अठरा वर्षांत अशी सुट्टी मला कुणी दिली नव्हती. मीही म्हटलं, बरं झालं बाई. म्हणजे जबाबदारी तू मागून घेतलीस. मागून घेतलेली वस्तू माणूस वाटेत विसरत नाही.

गाडी मधल्याच त्या आडगावच्या स्टेशनात थांबली, सिग्नलच्या तारा जळाल्या, तळं बघायला जायचं ते राहिलंच, यात तुझा दोष नाही. एवढं मी मानते. दीड तास थंडीत प्लॅटफॉर्मवर उभं राहावं लागलं, पिल्लूने ओकून तुझा कोट भरवला, तेही लेकराच्या हातातलं नाही. पण पोरीला नळावर धुवायला नेताना आईंना शेडच्या पार त्या टोकाच्या बाकावर तूच बसवलंस. आणि तेवढ्यात रेल्वेने पाठवलेली बस आली तेव्हा पोरीला कडेवर मारून पुढच्या दाराने चढलीसही तूच.

दोन डबे जोडलेली ती लांबलचक बस, मधे माणसांची भिंत. भाऊजी पुढच्या पायरीवर, हे मधल्या जोडापाशी पिशव्या धरून, मी पार मागे. तू म्हणतेस, तू ओरडून विचारलंस, "वहिनी, आई मागे आहेत ना?" आणि मी 'हो' म्हटलं. तिथे सांगितलं तेच इथे लिहिते: मला काही ऐकू आलं नाही, मी काही म्हटलं नाही. त्या गोंगाटात तुला भास झाला असेल. माणसाला जे हवं असतं ते ऐकू येतं.

तासाभराने उतरलो आणि आई नाहीत हे कळलं. परत जायला बस नाही, सगळ्या बस एकाच दिशेने. स्टेशनात फोन उचलायला कुणी नाही, तिकिटाची खिडकी दोनला बंद झालेली. शेवटी भाऊजी तारा दुरुस्त करणाऱ्यांच्या गाडीत बसून गेले. आई एकूण पावणेचार तास तिथे होत्या. भाषेचं एक अक्षर येत नाही, जवळ फोन नाही, पासपोर्ट तुझ्या पर्समध्ये. तिथल्या संडासाचं दार नाणं टाकल्याशिवाय उघडत नाही, हे त्यांना कोण सांगणार? भाऊजी पोचले तेव्हा एका झाडूवालीने स्वतःचा कोट त्यांच्या मांडीवर पांघरला होता. का पांघरला होता ते तूही जाणतेस.

त्या कुणाला काही बोलल्या नाहीत. "चला, घरी चला," एवढंच म्हणाल्या.

तिसऱ्या दिवशी तू त्यांच्या खोलीतून बाहेर आलीस आणि त्यानंतर वाद घातला नाहीस. चूक उमजली म्हणायची. उमजली असेल तर मोकळेपणी कबूल कर. मन हलकं होतं.

थोरली

१९ फेब्रुवारी

धाकटीस,

तुझं पार्सल मिळालं. लोकरी मोजे आईंना सैल होतात. व्यायामाचा तक्ता मी भिंतीवर लावला नाही, भिंतीचा रंग निघतो.

तू गुडघे बघणारी डॉक्टरीण, म्हणजे डॉक्टरीण नाही, व्यायाम करून घेणारी. पण आईंच्या तोंडी डॉक्टरीणच. दहा दिवस तू त्यांचे पाय हातात घेतलेस, तर सगळ्या बिल्डिंगला सांगत होत्या, धाकटीच्या हाताला गुण आहे. अठरा वर्षं त्याच पायांना रोज तेल लावणारे हात मात्र नुसते तेलकट.

एक विचारायचं राहिलं होतं. गाडी बंद पडण्याआधी, चांगली चालू असताना, आई काय म्हणाल्या ते आठवतं? खिडकीशी बसल्या होत्या, समोर तू, शेजारी मी. म्हणाल्या, "थोरली करते, नाही म्हणत नाही मी. पण तिच्या करण्यात करवादणं असतं. धाकटी हसून करते." मी तिथेच होते, त्यांच्या औषधाच्या गोळ्या हातावर घेऊन, पाण्याची बाटली उघडत होते.

तू ऐकलंस. "असं काय बोलता आई," एवढे चार शब्द तुला सुचले नाहीत. तू खिडकीबाहेर बघितलंस, आणि तुझ्या ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं. नव्हतं म्हणू नकोस.

दहा दिवस हसून करायला काय जातं? तू अठरा वर्षं हसून दाखव, मी तुझ्या पाया पडेन.

इकडे सगळ्यांना कळलं आहे. मी होऊन कुणाला सांगितलेलं नाही. कुणी विचारलं, "काय हो, सासूबाई खंगल्या परदेशातून आल्यापासून," तर मी नुसता उसासा टाकते. पुढचं लोक आपलं आपण जोडतात.

उन्हाळ्यात यायचं म्हणत होतात. भाऊजींनी आणि पिल्लूने जरूर यावं.

थोरली

११ जानेवारी

धाकटीस,

आईंना जाऊन दीड महिना झाला. तू आली नाहीस, म्हणजे तुला येऊ दिलं नाही. 'तिला आणू नकोस, लोक तोंडावर बोलतील' असं ह्यांनी भाऊजींना फोनवर सांगितलं. ते वाक्य माझं होतं. आदल्या दिवशी मी ते ह्यांच्या कानावर घातलं होतं.

काल भाऊजींचा फोन आला. त्यांनी वेगळी खोली घेतली म्हणे. पिल्लू आठवड्यातले दोन दिवस त्यांच्याकडे असणार. ह्यांनी फोन स्पीकरवर ठेवला होता आणि मी ओट्याशी भाजी चिरत होते. भाऊजी म्हणाले, "दादा, जी बाई माझ्या आईला बाकावर विसरून आली, तिच्या भरवशावर मी म्हातारा होऊ?" हे म्हणाले, "तुझं चूक नाही."

मी सुरी खाली ठेवली. मग परत उचलली आणि भाजी पुरी केली. स्वयंपाक केला, जेवायला वाढलं, भांडी घासली. आज रजा टाकून हे लिहायला बसले आहे.

त्या दिवशी मी आईंना पाहिलं होतं.

मला मागची खिडकी मिळाली होती. काचेवर वाफ धरली होती, ती मी हाताने पुसली. शेडच्या टोकाला आई बसलेल्या दिसल्या, पिशवी मांडीवर, दोन्ही हात पिशवीवर. पोरीला तू धुवून नेलंस आणि त्या तशाच राहिल्या. तू भाऊजींना ओरडून सांगितलं होतंस, "आईंना घेऊन या." तेही मी ऐकलं. ते बॅगा चढवण्यात गुंतले होते, त्यांना वाटलं आई नेहमीसारख्या माझ्याजवळ असतील. भाऊजींना कुणी कधी जाब विचारला नाही. पोटच्या मुलाला कोण विचारतं? सुना असताना?

माझी एक हाक पुरली असती. बसचा दरवाजा अजून उघडा होता.

मला वाटलं, आज माझी सुट्टी आहे. वाटलं, आता धाकटीच्या लक्षात येईल, ती किंचाळेल, बस थांबवेल, धावत जाईल, सगळ्यांसमोर तिची फजिती होईल. आई स्वतःच्या डोळ्यांनी बघतील, हसून करणारी कशी विसरते ते. एवढंच हवं होतं मला. फार तर पाच मिनिटांचा खेळ.

बस सुटली. पहिल्या वळणापर्यंत बोलता आलं असतं. दुसऱ्या वळणाला बोलले असते तर 'मग आतापर्यंत का गप्प होतीस' असं कुणीतरी विचारलं असतं. त्यानंतर जितका वेळ जाईल तितकं तोंड उघडणं अवघड होत गेलं, आणि मी समोरच्या बाकावरच्या माणसाच्या टोपीकडे बघत बसले. करड्या रंगाची होती, मागे शिवण उसवलेली.

आईंनी मला पाहिलं का? त्यांनी हात वर केला होता, हे खरं. 'थांब' असा नाही, 'मी इथे आहे' असा. पण त्यांची नजर अधू, त्यात काच ओली. ओळखलं नसेल, असं मी वर्षभर स्वतःला सांगत आले.

मला सगळ्यात नवल कशाचं वाटतं सांगू? मी लॅबमध्ये रक्ताच्या नळ्यांना लेबलं लावते. रोज दोनअडीचशे नळ्या, अठरा वर्षं, आणि एकीचं नाव दुसरीला लागलं नाही. डॉक्टर नवीन मुलींना सांगतात, ह्यांच्यासारखं लक्ष ठेवा. अशा बाईच्या लक्षात बसमध्ये आपली सासू नाही हे तासभर आलं नाही, यावर घरातल्या एकालाही शंका आली नाही.

जे करायचं ते कर या पत्राचं. भाऊजींना दाखव.

थोरली

३ फेब्रुवारी

धाकटीस,

तुझं उत्तर नाही. येणार नाही असं धरून लिहिते, कारण मागच्या पत्रात मी अर्धंच सांगितलं.

तू विचारलंस ते मला ऐकू आलं होतं. शब्द न् शब्द. "वहिनी, आई मागे आहेत ना?" आणि मी 'हो' म्हटलं. नुसतं म्हटलं नाही, माणसांच्या डोक्यांवरून तुला दिसावा म्हणून हातही वर केला. तू मान हलवलीस आणि पिल्लूला छातीशी धरून निवांत उभी राहिलीस. मग तीन दिवस तू सगळ्यांना सांगत होतीस, मी विचारलं होतं, वहिनी हो म्हणाल्या. आणि मी तुझ्या डोळ्यांत बघून 'नाही' म्हणत होते. तुझ्या घरात, तुझ्याच हातचा चहा पीत.

हे सगळं मी गेल्या रविवारी ह्यांना सांगितलं. ह्यांनी पेपर बाजूला ठेवला नाही.

"माहीत आहे," म्हणाले.

"काय माहीत आहे?"

"मी मधेच उभा होतो. तिचा प्रश्न ऐकला, तुझं उत्तरही ऐकलं."

"मग तिथे बोलला का नाहीत? ती रडून सांगत होती तेव्हा?"

"आधी वाटलं, तुलाच आई मागे असल्यासारखं वाटलं असेल. मग तू 'मी बोललेच नाही' म्हणायला लागलीस. मी म्हटलं, आता हिला खोटं पाडलं तर आईचं बघणार कोण? आपल्याला तर घरी परतायचं होतं तिला घेऊन."

मी म्हटलं, "आता आई नाहीत. आता सांगा भाऊजींना. त्यांचा संसार मोडतोय."

त्यावर पेपर खाली आला. "आणि मी सव्वा वर्ष गप्प बसलो ते? त्याच्या नजरेत मी काय राहीन? झालं ते झालं. धाकटीकडून राहिल्या हे सगळ्यांच्या मनात बसलंय, ते उकरू नकोस."

असा माझा नवरा. तुझ्या जावेला शोभणारा.

मग मी स्वतःच भाऊजींना फोन लावला. हे बाहेर गेलेले बघून, उभ्यानेच. पहिल्यापासून सगळं सांगितलं, खिडकी, हात, 'हो', सगळं. मला वाटलं आता शिव्या देतील, मी तयारीने उभी होते. आणि ते म्हणाले काय, "वहिनी, तुम्ही फार मोठ्या मनाच्या आहात. तिने तुम्हाला गळ घातली असणार. माझं घर सावरावं म्हणून हे स्वतःवर ओढून घेताय. पण आईचं सगळं तुम्ही केलंत, हे मी मरेपर्यंत विसरणार नाही."

मी म्हटलं, "अहो, मी खरं सांगतेय."

"असू दे, असू दे," म्हणाले आणि त्यांचा आवाज दाटून आला. माझ्या चांगुलपणाने!

खोटं बोलले तेव्हा एका शब्दावर विश्वास ठेवला सगळ्यांनी. खरं सांगायला गेले तर मी देवता झाले. सांग, मी कुठे डोकं फोडू?

थोरली

२६ फेब्रुवारी

धाकटीस,

तुझं पत्र काल मिळालं. अर्धंच पान. यापुढे लिहू नका असं तू लिहिलं आहेस, तरी हे एक वाचून घे. यानंतर नाही लिहिणार.

तुझ्या ओळी मला आता पाठ आहेत. "वहिनी, मला माहीत होतं. तिसऱ्या दिवशी मी आईंचे पाय शेकत होते तेव्हा त्या म्हणाल्या, थोरलीने मला बघितलं गं, काच पुसून बघितलं. मी उठायला लागले तर त्यांनी मनगट धरलं. म्हणाल्या, कुणाला सांगू नकोस. मला तिच्याच घरी जायचंय, तिच्याच हातचं खायचंय. ती दुखावली तर माझं काय होईल? तू लांब असतेस, तुझं काही बिघडणार नाही. मी शब्द दिला. माझं बिघडलं. आता ज्यांना शब्द दिला त्या नाहीत, म्हणून लिहिलं."

कालपासून मी कामावर दोन नळ्या फोडल्या.

तुझं पत्र मी भाऊजींना पाठवलेलं नाही. ते तुझं आहे, दाखवायचं की जाळायचं ते तू ठरव. मी माझा जबाब वेगळा लिहिला, साध्या कागदावर, तारीख घालून, खाली सही करून. एक प्रत त्यांना परस्पर पाठवली, एक यासोबत आहे. ह्यांना तो वाचायला दिला होता. 'मी मधे उभा होतो, मीही ऐकलं' एवढं एक वाक्य खाली लिहा म्हटलं. ते पेन शोधायला उठले ते फिरायलाच गेले. तेव्हा साक्षीदार नाही. भाऊजी हाही माझा मोठेपणा म्हणतील, तर म्हणोत. पिल्लू मोठी झाली की तिला मात्र वाचायला दे. तिच्यावर माझे काही उपकार नाहीत, ती विश्वास ठेवेल.

माफी मागत नाही. तुझ्याकडे मागावी असं तोंड नाही आणि जिच्याकडे मागायची ती गेली.

एवढंच सांगायचं आहे, कारण हे दुसऱ्या कुणाला सांगून कळणार नाही. परत आल्यावर आई तेरा महिने जगल्या. त्या तेरा महिन्यांत त्यांनी मला एकदाही नाव ठेवलं नाही. पूर्वी ताटावर बसल्या की काही ना काही असायचंच, हे तिखट, ते कच्चं. आता भात करपला तरी "छान झालाय गं" म्हणायच्या. पाय चेपताना माझी नखं लागली तरी "बरं वाटतंय" म्हणायच्या. मी ह्यांना सांगायचे, बघा, आई निवळल्या. त्या एका दिवसाने त्यांना घरच्या माणसाची किंमत कळली. एकदा मी भाजीत मीठ घालायचं साफ विसरले. मला ते स्वतः जेवायला बसल्यावर कळलं. आईंनी ती अळणी भाजी वाटी पुसून संपवली होती, वर पुन्हा मागून घेतली होती, आणि माझ्याकडे बघून हसल्या होत्या.

त्या दिवशी मला फार सुख वाटलं होतं.

थोरली